बोवली

दारावरच चूक होती. 'सुचना : आत मोठ्याने बोलू नये.' सू ऱ्हस्व काढलेला. मी थांबलो, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, तोच मागून बायकोने कोपराने ढोसलं.

"आत चला. दारातच सुरू करू नका."

"अगं, सूचनेतला सू दीर्घ असतो."

"असू दे. तो काही पळून जात नाही."

तिला काय जातंय बोलायला? माझी सगळी नोकरी एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेली. माणूस निवृत्त होतो, डोळे होत नाहीत. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसचं तिकीट, काहीही समोर आलं की माझा उजवा हात पेन्सिल चाचपायला लागतो. छापखान्यात मला 'कानामात्रा' म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण कानावर यायचंच. मला त्याचा राग नव्हता. काहींना तर त्याहून वाईट नावं होती.

आज मात्र मी आगंतुक नव्हतो. मला बोलावणं होतं. गावच्या इतिहासाचं हे संग्रहालय आमची एकुलती एक लेक बिट्टी सांभाळते. हुद्दा संग्रहपाल, ती स्वतःला क्युरेटर म्हणते. अजून कायम झालेली नाही. दुपारनंतर मुख्य कचेरीतून तिघांची समिती यायची होती आणि बिट्टीला ठेवायचं की काढायचं ते आजच ठरणार होतं. समितीच्या मुख्य बाई म्हणजे भलतं प्रकरण. बिट्टीच्या आधी इथे जे गृहस्थ होते, त्यांनी जुन्या बाजारातून एक घड्याळ आणलं आणि 'कारखान्याच्या पहिल्या दिवसापासून चालणारे घड्याळ' अशी पाटी लावून मोकळे झाले. बाईंनी घड्याळ उचललं, उलटं केलं, खालची दुकानदाराची चिठ्ठी वाचली आणि परत ठेवलं. गृहस्थ घरी बसले.

म्हणून आदल्या दिवशी पोरीचा फोन आला. "बाबा, उद्या लवकर या. सगळ्या पाट्यांचा मजकूर कागदावर काढून ठेवते. पेन्सिल घेऊन बसा. एकही चूक सोडू नका."

आयुष्यात पहिल्यांदा तिने मला चूक काढायला सांगितली होती. एरवी मी न सांगताच काढत आलो. तिचा शाळेतला निबंध, मैत्रिणीच्या वाढदिवसाचं शुभेच्छापत्र, वसतिगृहातून आलेली पत्रं. पत्रं मी दुरुस्त करून परत पाठवायचो. पुढे तिने पत्र लिहिणंच सोडलं आणि फोन करायला लागली. फोनवर वेलांट्या दिसत नाहीत.

संग्रहालय म्हणजे गावातल्या मोज्यांच्या कारखान्याची जुनी कचेरी. कारखाना कधीच बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, एवढी इमारत उरली. बिट्टीने कागदांचा गठ्ठा आणि टोक काढलेली पेन्सिल माझ्या हातात दिली. डोळ्यांखाली काळं आलं होतं तिच्या. "पाट्या सध्या साध्या कागदावर आहेत. तुमच्या दुरुस्त्या झाल्या की लगेच नव्या छापून चिकटवते. खुणा त्याच ना, पूर्वीच्या?"

"त्याच," मी म्हटलं. तिला लहानपणापासून पाठ आहेत. नको असलेल्यावर आडवी रेघ. नवं घालायचं ते समासात. आणि रेघ मारलेलं पुन्हा ठेवावंसं वाटलं तर त्याच्या खाली ठिपके द्यायचे आणि समासात लिहायचं, 'राहू द्या'. ही शेवटची खूण मी उभ्या नोकरीत फारशी वापरली नाही. मी मारलेली रेघ विचार करून मारलेली असायची.

बायको आत शिरल्या शिरल्या पहिलं बाक गाठून बसली. तिने वाचायचा चष्मा घरी ठेवला होता, मला वाटतं मुद्दामच. "तुम्ही फिरा. मी माणसं बघते," ती म्हणाली. माणूस एकही नव्हता.

पहिलं दालन मालकांचं. सगळ्यात मोठं, सगळ्यात उजेडाचं. मालकांची खुर्ची, मालकांची काठी, मालकांचा चष्मा, मालकांची दाढी करायची वाटी. वाटीला मखमलीची दोरी लावून अडसर केलेला. पाटीवर 'थोर द्रष्टे'. मी 'थोर'वर रेघ मारली. मग 'द्रष्टे'वरही मारली.

"ते त्यांच्या नातवाने लिहून दिलंय," बिट्टी मागून म्हणाली.

"नातवाने घरी लावावं."

"वस्तू त्यांनीच दिल्या ना, बाबा. ज्यांच्याकडे माळा असतो त्यांच्याच वस्तू उरतात. कामगारांनी काय द्यायचं? फाटके मोजे?"

हे तिने बरोबर सांगितलं. मी मान हलवली नाही, पण बरोबर होतं.

पुढे यंत्रांचं दालन, म्हणजे यंत्रांच्या फोटोंचं. तिथे मोजे विणणाऱ्या बाईचा एक पुतळा उभा केलेला. ओठ रंगवलेले, नखं स्वच्छ, आणि बाही अशी लांब की खऱ्या यंत्रावर पहिल्याच दिवशी हात गेला असता. तिच्या मागे एक मोठा फोटो होता. पुढच्या ओळीत खुर्च्यांवर बसलेल्या पुरुषांची नावं हुद्द्यांसकट, आणि मागे उभ्या असलेल्या पन्नासभर माणसांसाठी दोन शब्द: 'व इतर'. त्यावर रेघ मारायला हात शिवशिवला. पण रेघ मारून समासात काय लिहिणार? नावं कोणाला ठाऊक?

भिंतीवर सालांची एक लांब पट्टी होती. कारखाना सुरू झाला, कारखाना वाढला, कारखाना बंद पडला. वाढल्यावर एकदम बंदच. मधल्या संपाच्या बातम्यांची प्रुफं मी स्वतः वाचली होती. दाराशी लाठ्या चालल्या तेव्हा अख्खं पान बदलावं लागलं होतं. इथे त्या जागी एक पंखा लावला होता.

"हे काय?" मी ओरडलोच. दाराची सूचना मी पाळली नाही.

"हळू, बाबा. ते सगळं आधीच्या माणसाचं काम आहे. मला माहितीय काय नाहीये ते. कायम झाले की पहिलं काम तेच. पट्टी काढून नवी लावणार, संपासकट. आत्ता हात लावला तर नातू समितीकडे जाईल." ती घड्याळ बघत होती, दाराकडे बघत होती, पायाने फरशीवर ताल धरत होती. हा ताल तिने माझ्याकडून घेतलाय. "तुम्ही माझा कोपरा बघा. जिन्याखालचा. तेवढा एकच माझा आहे इथे."

ती छापायला गेली आणि मी जिन्याखाली गेलो.

कोपरा लहान होता पण नीट होता, हे मान्य केलं पाहिजे. कारखान्यातून सदोष मोजे निघायचे, कुठे टाका सुटलेला, कुठे टाच विरलेली. ते रफू करणाऱ्या बायकांचा हा कोपरा. कमी उंचीचं स्टूल, दोऱ्याची रिळं, सुयांची डबी, मोज्यांचा ढीग. 'थोर' नाही, 'द्रष्टे' नाही. मला बरं वाटायला लागलं होतं. मग मी वर बघितलं. कोपऱ्याचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'बोवली'.

खाली काचेच्या पेटीत आमच्याच घरातली वस्तू ठेवली होती. तळहातात मावेल असा लाकडाचा गोळा, खाली आखूड मूठ. मोज्याच्या टाचेत तो घालायचा, कापड ताणून बसवायचं आणि वरून सुई चालवायची. लग्नानंतर काही वर्षं बायको घरी बसून कारखान्याचं हे काम करायची, तेव्हाची ती वस्तू. पाटीवर लिहिलं होतं:

'मोजे रफू करण्याचे लाकडी साधन. कारखान्यातील बायका याला बोवली म्हणत. हा शब्द परदेशातून आलेल्या कारागिरांच्या भाषेतून आला असावा. गोळ्यावरील दोन ठिपके हे उत्पादकाचे चिन्ह असावे.'

मी पाटी पुन्हा वाचली.

'असावा' या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. लेखकाने शोधायचा कंटाळा केला की तो 'असावा' लिहितो. पण इथे दोन 'असावा' हे किरकोळ दुखणं होतं. परदेशी कारागीर? कसले परदेशी कारागीर? तो शब्द आमच्या घरात तयार झाला होता, आणि तयार करणारी बाई आत्ता पलीकडच्या खोलीत छापायचं यंत्र सुरू करत होती.

बिट्टी नुकती बोलायला लागली होती. घरात दुसरी खेळणी नव्हती, तिने आईच्या टोपलीतून हा गोळा उचलला. डोकं आणि मान, लहान मुलाला बाहुलीला आणखी काय लागतं? 'बाहुली' मात्र जिभेवर येईना. 'बोवली, बोवली' करत घरभर फिरायची. आईने कपड्यांवर खुणा करायच्या जांभळ्या पेन्सिलीने गोळ्यावर दोन डोळे काढून दिले. मी दर वेळी सांगायचो, "बोवली नाही. बा-हु-ली." ती माझ्याकडे बघायची, "बोवली" म्हणायची आणि पळायची. पुढे खऱ्या बाहुल्या आल्या, त्यांना ती नीट 'बाहुली' म्हणायला लागली, पण तो लाकडी गोळा बोवलीच राहिला, कारण बायकोनेही तोच शब्द उचलला. घरात एकाने दुरुस्त करायचं आणि दुसरीने परत बिघडवायचं, असा आमचा संसार. "माझी बोवली कुठे गेली?" "बोवली आण गं." पोरीने तिच्या कळत्या वयात त्या वस्तूचं दुसरं नाव ऐकलंच नाही. तिला तो कारखान्याचा शब्द वाटला. आपणच तो केला, हे कोणाला आठवणार?

आणि समितीच्या बाई वस्तू उलट्या करून बघतात.

कारखान्यात त्याला काय म्हणत असतील? ठोकळा म्हणत असणार, साधा ठोकळा. मी पाटीच्या कागदावर 'बोवली'वर रेघ मारली आणि समासात 'ठोकळा' लिहिलं. रेघ सरळ आली. पुढे कारागिरांवर मारायची म्हणून पेन्सिल टेकवली आणि तिथेच थांबलो. वर ते एवढं मोठं नाव. शब्द गेला की नाव गेलं, नाव गेलं की जिन्याखाली एक स्टूल आणि मोज्यांचा ढीग उरतो. मी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि बाकीचे कागद घेऊन छापायच्या खोलीत गेलो.

"बिट्टे, तो बोवली शब्द. कोणाला विचारलास?"

"विचारायचं काय त्यात?" ती यंत्रातून कागद ओढत म्हणाली. "सगळ्यांना माहितीय."

सगळ्यांना माहितीय. झालं. प्रूफ वाचणाऱ्याला याहून भयंकर वाक्य नाही. ज्या चुका सगळ्यांना माहीत असतात त्याच छापून येतात.

"आणि परदेशी कारागीर?"

"सुरुवातीला यंत्रं बसवायला आले होते ना बाहेरून. त्यांच्याकडून आला असेल, दुसरा कुठून येणार? आपल्या भाषेत दुसरीकडे कुठे सापडत नाही तो. मी कोशात पाहिलं." तिने मी आणलेले कागद मोजून टेबलावर आपटून सरळ केले. "बाबा, एक पान कमी आहे."

"वाचतोय अजून."

"माझ्या कोपऱ्याचं ना?" ती थांबली. हातातलं काम सोडून माझ्याकडे बघायला लागली. "कसा वाटला?"

काय सांगणार होतो मी? बाई यायला थोडाच अवधी होता. सांगितलं तर पोर उभ्या जागी कोसळली असती आणि समितीसमोर थरथरत उभी राहिली असती. नाही सांगितलं तर बाईंनी विचारल्यावर तोंडावर पडली असती, तेही लोकांदेखत.

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरा?" तिच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं की मला तिकडे बघवेना. "बाबा, तुम्ही 'बरा' म्हणालात? आई! आई, ऐकलंस का, बाबा 'बरा' म्हणाले!"

"ताप आहे का बघ," बाकावरून आवाज आला.

त्यानंतर मी एका जागी थांबू शकलो नाही. मालकांचं दालन, यंत्रांचं दालन, जिना, परत मालकांचं दालन. माझ्या बुटांचा करकर आवाज सगळीकडे घुमत होता. खिशातला कागद प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. एकदा वाटलं, पाटी स्वतःच काढून टाकावी. एकदा वाटलं, बायकोला सांगावं. तिच्यापाशी गेलोही, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. 'अगं बाई, हिला माहीतच नाही?' असं ओरडून तिने अख्खी इमारत गोळा केली असती.

"काय झालंय तुम्हाला?" तिने विचारलं. "पिंजऱ्यात घातल्यासारखे काय फिरताय?"

"काही नाही."

"चूक सापडली मोठी?"

"काही नाही म्हटलं ना."

"मग सांगून टाका पोरीला. तिनेच बोलावलंय त्यासाठी. नाहीतर घरी येऊन मला सांगत बसाल."

मला संताप आला. आयुष्यभर लोकांनी मला 'तोंड आवरा' सांगितलं आणि आज तोंड आवरलं तर ही म्हणते सांगा. मी परत जिन्याखाली गेलो. ते दोन जांभळे ठिपके काचेतून माझ्याकडे बघत होते.

समिती आली. दोन पुरुष आणि बाई. पुरुष मालकांच्या वाटीपाशीच रेंगाळले. बाई बुटक्या, सावकाश चालणाऱ्या, पिशवी काखेत. पुतळ्यापाशी गेल्या, बाही दोन बोटांत धरून बघितली, सोडून दिली. सालांच्या पट्टीपुढे उभ्या राहिल्या, पंख्याकडे बघितलं. मला त्या बाई आवडायला लागल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांची भीतीही वाटायला लागली. इतक्यात त्या जिन्याखाली पोचल्या. बिट्टी त्यांच्या शेजारी, मी चार पावलं मागे, खांबाशी.

"कोपरा चांगला मांडलाय," बाई म्हणाल्या. मग वर बघितलं. "बोवली. हा शब्द मी कधी ऐकला नाही. आधार काय?"

"इथे सगळे हेच म्हणतात," बिट्टी म्हणाली.

"सगळे म्हणजे कोण?"

बिट्टीने तोंड उघडलं. आत्ता कुठे तिच्या लक्षात येत होतं की हा प्रश्न तिने स्वतःला विचारलाच नव्हता. ती बाकाकडे बघायला लागली. "माझी आई," ती म्हणाली.

"आई म्हणजे आधार नव्हे," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

मी पुढे झालो. काय बोलणार होतो ते मला अजूनही सांगता येणार नाही. चूक माझी आहे म्हणणार होतो, की मजकूर मीच लिहिला म्हणणार होतो, की नुसताच खोकणार होतो. पण तेवढ्यात दारातून कलकलाट आत आला.

बिट्टीने रफूवाल्या बायकांनाही आज बोलावलं होतं, कारखान्याचं काही जपून ठेवलं असेल तर घेऊन या म्हणून. त्या आत्ता आल्या. पाचसहा म्हाताऱ्या, एकमेकींच्या आधाराने, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. पुढे एक धिप्पाड बाई होती, जिचा आवाज तिच्या आधी पोचला.

"कुठाय आमचा कोपरा? जिन्याखाली? वा! तेव्हाही जिन्याखालीच बसवायचे." तिने काचेला नाक लावलं. "अगं बाई! बोवली! अगं, या गं, बोवली ठेवलीये काचेत!"

"बोवली?" "बघू, बघू." "मेली, हिला दोरी नाही लावली मखमलीची?"

मी बायकोकडे बघितलं. हिनेच पढवलं असणार, दुसरं कोण? पण ती बाकावरून उठून लगबगीने येत होती आणि चेहऱ्यावर नुसता आनंद होता. एवढी नाटकं तिला येत नाहीत. साधं खोटं बोलायचं तर तिचे कान लाल होतात.

समितीच्या बाई वळल्या. "याला बोवली म्हणायचात तुम्ही?"

"मग काय म्हणणार? मुकादम ठोकळा म्हणायचा. त्याला म्हणू दे." धिप्पाड बाईने पिशवीत हात घातला. "माझी आणलीये ना मी. ही घ्या."

तिने लाकडी गोळा काढून बाईंच्या हातात ठेवला. बाईंनी आपल्या सवयीप्रमाणे तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. आमच्यापेक्षा थोडा मोठा, झिजून गुळगुळीत झालेला. आणि गोळ्यावर, पुसट झालेले पण शेजारी शेजारी, दोन जांभळे ठिपके.

"हे उत्पादकाचं चिन्ह का?" बाईंनी विचारलं.

"कसलं चिन्ह? डोळे आहेत ते!" सगळ्या हसायला लागल्या. "एक एवढीशी पोर यायची आमच्यात. तिच्या बोवलीला डोळे होते, तर म्हणे सगळ्यांच्या बोवलीला पाहिजेत. डोळे काढल्याशिवाय मोज्यात घालू द्यायची नाही. हातातून ओढायची! मग काढले सगळ्यांनी. जिन्याखालच्या त्या खोलीत वीसेक बायका असतील, सगळ्यांच्या बोवल्या टकामका बघायच्या. नव्या बाईला पहिल्या दिवशी पहिलं काम, डोळे काढ. ती पोर यायची थांबली तरी तेच चाललं, कारखाना बंद होईपर्यंत."

"तिला बाहुली म्हणता येत नव्हतं," दुसरी म्हणाली. "बोवली म्हणायची. मग आमच्याही तोंडात तेच बसलं."

"कोणाची पोर?" बाईंनी विचारलं.

"हिची!" धिप्पाड बाईने माझ्या बायकोच्या खांद्यावर थाप मारली. "हिचा नवरा रात्रपाळीचा, कुठल्या छापखान्यात. दिवसा झोपायचा. पोर घरात असली की झोपमोड व्हायची त्याची आणि मग आरडाओरडा. म्हणून ही बिचारी सकाळी उठून पोरीला कडेवर मारायची आणि आमच्यात येऊन बसायची. तो उठायच्या आत परत."

"पुरे गं," बायको म्हणाली. "तो इथेच आहे."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी खांबाला टेकलो. मला वाटायचं, त्या दोघी बागेत जातात. बायको सदोष मोजे आणायला आणि दिलेले परत करायला कारखान्यात जाते, एवढंच मला माहीत होतं. घर इतकं शांत कसं असायचं, हे मी कधी विचारलं नाही. मला आपलं वाटायचं की मला झोप चांगली लागते. मी घरात त्या शब्दावर रेघ मारत होतो, आणि तो रोज सकाळी तिच्या कडेवर बसून बाहेर जात होता.

"तू कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तुम्ही कधी विचारलंत?"

बिट्टी हललीच नव्हती. ती एकदा समितीच्या बाईंच्या हातातल्या गोळ्याकडे बघत होती, एकदा काचेतल्या. "म्हणजे मी," ती म्हणाली. "तो शब्द मी..."

"तूच की गं," म्हातारीने तिची हनुवटी धरली. "केवढी झालीस! डोळे काढ म्हणून चावली होतीस मला, इथे."

समितीच्या बाईंनी गोळा परत केला. "आधार मिळाला," त्या म्हणाल्या. "परदेशी कारागीर काढून टाका आणि हे लिहा. यांची सगळ्यांची नावं घ्या, पाटीवर घाला." मग त्या पुढच्या दालनाकडे वळल्या, आणि जाता जाता थांबल्या. "त्या पंख्याच्या जागी काय होतं, तेही मला नंतर सांगा. सवडीने. तुम्ही आता इथे आहातच."

बिट्टीला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. ती माझ्याकडे येत होती.

"बाबा, ते कमी असलेलं पान."

मी खिशातून कागद काढला. घडीवर घाम लागला होता. तिने तो उघडला. 'बोवली'वरची रेघ तिने बघितली, समासातला 'ठोकळा' बघितला.

"तुम्हाला चूक वाटली."

"हो."

"मग दिलं का नाही? मी सांगितलं होतं, एकही सोडू नका."

सगळ्यांसमोर असलं काही बोलायची मला सवय नाही. पण आतून इतकं भरून आलं होतं की आवरेना. "तुझं तोंड बघितलं," मी म्हटलं. "मी 'बरा' म्हणालो तेव्हाचं. मला नाही जमलं."

तिने माझ्या खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि कागद काचेच्या पेटीवर पसरला. आधी कारागिरांचं वाक्य मी आडवं केलं. उत्पादकाचंही केलं. मग 'बोवली'च्या खाली ठिपके द्यायला लागलो. एक दिला, दुसरा दिला, आणि धिप्पाड बाई माझ्या खांद्यावरून डोकावली.

"झाले डोळे," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि ते नीट बाहेर पडेना. तिसरा ठिपका मी दिला नाही. समासात लिहिलं, 'राहु द्या'. लिहून झाल्यावर बघितलं तर हु ऱ्हस्व पडला होता. माझ्या हातून. बिट्टीनेही बघितलं. तिची नजर तिथेच थांबलेली मला दिसली. तिने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली, कागदाची घडी केली आणि तो स्वतःच्या खिशात घातला.

मी पेन्सिल परत मागितली. तिने दिली नाही.